बारा चकत्या आणि अप्पांचा दात

चकत्या एकूण बारा होत्या. तीन पाण्यात, तीन कोऱ्या चहात, तीन माउथवॉश आणि चहाच्या मिश्रणात, आणि उरलेल्या तीन डॉक्टर मंजुषा मॅडमच्या दवाखान्यात, त्याच मिश्रणाच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत. दात भरायला जे दाताच्या रंगाचं फिलिंग वापरतात, त्याच्याच या चकत्या. मुदत संपलेलं फिलिंग गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या खळग्यांत दाबून, वर निळा दिवा धरून कडक केलेल्या. रुंदी नऊ मिलिमीटर, जाडी दोन. दवाखान्यात दाताचा रंग जुळवायला नकली दातांची एक पट्टी असते, तिच्यावर ए-एक म्हणजे जवळजवळ दुधासारखा आणि ए-चार म्हणजे जुन्या वर्तमानपत्रासारखा. बाराच्या बारा चकत्या पहिल्या दिवशी ए-दोन होत्या.

याशिवाय स्वयंपाकघराच्या फळीवर तीन स्टीलच्या वाट्या, एक वही, चहापत्ती तोलायचा तळहाताएवढा डिजिटल काटा आणि एक घोषणा होती.

घोषणा महेश्वरीची. "चौदा दिवस! चौदाव्या दिवशी अप्पा निर्दोष सुटतात की नाही ते बघाच! विज्ञान काही कुणाच्या तोंडाकडे बघून उत्तर देत नाही!"

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आईने अळणी वरणाचं पातेलं पुढे सरकवलं आणि अप्पांनी सुतकात जेवावं तसं खाली मान घालून भाकरी कुस्करली.

घरात मीठ नव्हतं, त्याला तेवीस दिवस झाले होते.

त्याचं असं झालं. महेश्वरी रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन मंजुषा मॅडमच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली होती. तिचे वडील सिद्रामप्पा यांचं मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सरकी-पेंडीचं दुकान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि डाव्या गालात तंबाखू, असा हा माणूस बत्तीस वर्षं गादीवर बसलेला. एके दिवशी हरभरे खाताना समोरच्या दाताचा कोपरा उडाला. महेश्वरीने ओढत दवाखान्यात नेलं. मॅडमनी दात असा भरला की जोड कुठे आहे ते भिंगातून शोधावं लागेल! मग सहज म्हणून गाल बाजूला करून पाहिला, आणि हातातला आरसा खाली ठेवला.

डाव्या गालाच्या आत पांढरा डाग होता. लांबी आठ मिलिमीटर. महेश्वरीनेच मोजली.

"अप्पा, तंबाखू आजपासून बंद," मॅडम म्हणाल्या. "पंचेचाळीस दिवसांनी परत बघू. डाग गेला तर सुटलात. नाही गेला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा." कसली तपासणी, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्याच दिवशी अप्पांनी मठात जाऊन, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन, महाराजांसमोर तंबाखू सोडली. तिथेच आईने, म्हणजे चन्नबसम्माने, आपलंही सांगून टाकलं, "डाग जाईपर्यंत मी मिठाला शिवणार न्हाई."

आता नवस एकीचा असला तरी चूल एकच! "दोनदोन भाज्या करायला मी काय खानावळ काढली का?" असं म्हणून तिने मिठाची बरणी वरच्या फळीवर टाकली आणि तिघंही अळणी झाले.

वीस दिवस असे गेले. एकविसाव्या दिवशी अप्पा जेवताना हसले. हसले ते स्वतःच्याच बोलण्यावर. "अगं, आपल्या घरच्या भाकरीला आता मुंग्या बी लागंनात!" तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या घरात कुणी हसलं होतं. आणि तेच हसू अंगाशी आलं! समोरचा भरलेला कोपरा तपकिरी दिसत होता.

आईच्या हातातली पळी पातेल्यात परत गेली.

"दात कशानं रंगतो ते मला कुणी शिकवू नये," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं उशीचे अभ्रे धुतलेत मी."

"अगं, देवाशपथ! लिंग हातात घेऊन सांगतो की..." अप्पांचा हात गळ्याकडे गेला.

"हात खाली घ्या!" आई किंचाळलीच. "एकदा घेतलं तेवढं पुरे झालं. अजून एक खोटी शपथ ह्या घराला झेपायची न्हाई."

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. बोलायचंच असलं तर पातेल्याशी बोलायची. "वाढ म्हणावं. पुरे म्हणावं."

महेश्वरीला हे सहन होईना. दुःख होतंच, पण त्याहून जास्त, निष्कर्ष पुराव्याशिवाय काढला होता! तिने अप्पांची उलटतपासणी घेतली.

"अप्पा, मॅडमनी दिलेलं माउथवॉश कसं वापरता?"

"जसं सांगितलंय तसंच."

"सांगितलं होतं दिवसातून दोनदा, अर्धा मिनिट, पंधरा दिवस."

अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं. "अर्ध्या मिनिटात काय व्हतंय, माय? तोंड वळवळायलंय दिवसभर. गालात काय तरी लागतंय. म्हनून मी आपलं एक झाकण वततो, डाव्या गालात धरतो, आन् दुकानात जाऊन बसतो."

"किती वेळ?"

"गिऱ्हाईक जाईपर्यंत."

"म्हणजे?"

"कधी अर्धा तास, कधी पाऊण. दिवसात सात-आठ बार व्हतात." त्यांनी बार हा शब्द तंबाखूला लावावा तसाच लावला. "मग थुंकायचं, आन् वरून कोरा चहा. तोंड कडू पडतंय ना!"

महेश्वरीला आनंदाने ओरडावंसं वाटलं. आठ बार, आठ चहा, आणि तेही तीन आठवडे! त्या माउथवॉशमधलं औषध दातावर बसतं आणि चहातला रंग स्वतःकडे ओढून घेतो, हे तिने वाचलं होतं. सख्ख्या दातावरचा डाग घासून जातो, पण भरलेल्या भागात रंग मुरून बसतो. मोंढ्यात सरकीचा भाव नुसत्या मानेने सांगणारा हा माणूस गालात औषध धरून स्वतःचा दात रंगवत होता!

"आई, डाग माउथवॉशचा आहे!"

"तुला अप्पाची माया हाय," आई पातेल्याला म्हणाली.

म्हणून हा प्रयोग. त्यात तंबाखूचीही एक वाटी हवी होती, पण आईने चुलीवर हात ठेवून सांगितलं, "त्या घाणीचा वास ह्या घरात परत आला तर मी माहेरी सोनपेठला जाईन." तेव्हा वाट्या तीनच राहिल्या. अप्पांचा दात महेश्वरीने पट्टीशी लावून पाहिला. भरलेला भाग ए-साडेतीन. आकडा तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

पहिली आपत्ती तिसऱ्या दिवशी आली. पाण्याच्या वाटीत दोनच चकत्या! महेश्वरीने फळी झाडली, मोरी तपासली. शेवटी ओसरीवर पाठ टेकून बसलेल्या लिंबाजीला विचारलं. लिंबाजी म्हणजे दुकानातला जुना हमाल. अप्पांच्या आधीपासूनचा, म्हणजे अप्पांच्या वडिलांनी ठेवलेला.

"लिंबाजीमामा, फळीवरच्या वाटीतली पांढरी चकती बघितली का?"

"गोळी व्हय? घेतली की, ताई. सकाळधरनं डोस्कं लय ठणकायलं व्हतं."

"खाल्ली?"

"चावंना. मग गिळली. लय गुणाची गोळी हाय! चहा घेईपर्यंत उतरलं बगा. अजून हायेत का?"

महेश्वरीने मॅडमना फोन लावला. मॅडम बहुतेक फोनवर हात ठेवून हसत असाव्यात. मग म्हणाल्या, "काही होत नाही. येईल बाहेर. पण मोजणीत परत घेऊ नकोस."

वहीत नोंद झाली : पाणी, चकत्या दोन. एक लिंबाजीमामांत.

सातव्या दिवशी वाट्यांतला द्रव बदलायचा होता. महेश्वरीने चकत्या पुसून पट्टीशी लावल्या. पाणी ए-दोन. चहा ए-दोन आणि ए-तीनच्या मधे. माउथवॉश आणि चहा ए-तीन. दिशा बरोबर होती, वेग थोडा कमी होता. आणि इथे तिने आयुष्यातली मोठी चूक केली. तिने रात्रीच्या जेवणात खरं सांगितलं!

"अजून ए-तीनच आहे. अप्पांचा दात ए-साडेतीन. अर्धी पायरी कमी पडतेय."

तिच्या दृष्टीने हे अर्धवट मोजमाप होतं. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने हा निकाल होता. अप्पांचा घास हातातच राहिला. आई उठून मोरीत गेली आणि धुतलेलंच ताट परत धुवू लागली. ओसरीवर भाकरी खाणारा लिंबाजी खाकरला.

"म्हंजे मालक दोषी?" त्याने हळूच विचारलं.

"तसं नाही, मामा. अजून सात दिवस आहेत."

पण त्या रात्रीपासून घरात कुणाचाच विज्ञानावर भरवसा राहिला नाही.

तिसरी वाटी नवव्या दिवशी तपकिरीची काळपट झाली. अकराव्या दिवशी काळी. महेश्वरी चक्रावली. दवाखान्यातल्या बाटलीतलं मिश्रण तर साध्या चहासारखंच होतं. तिने वहीत तीन प्रश्नचिन्हं काढली आणि वाट्यांवर कागद झाकून दोरा बांधला. बाराव्या दिवशी दोऱ्याची गाठ तिची नव्हती.

बाराव्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. अप्पा सकाळीच पांढरी टोपी घालून निघाले. "सोनपेठला जातो. सरकीचा भाव बघून येतो."

मानवतच्या मोंढ्यात बसून सरकीचा भाव बघायला सोनपेठला जाणं म्हणजे गोदावरीच्या काठावर राहून बाटलीतलं पाणी विकत घेण्यासारखंच! पण आई त्यांच्याशी बोलत नव्हती, आणि पातेलं काही बोललं नाही. अप्पा एसटीने पाथरीला गेले, तिथे गाडी बदलली आणि सोनपेठला उतरले.

दुपारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. पाठवणारा सोनपेठचा महांतेशमामा, आईचा धाकटा भाऊ. फोटोत एक पानटपरी होती, आणि तिच्यासमोर पांढऱ्या टोपीतले अप्पा, हातात पुडी. खाली मामाने लिहिलं होतं, "दाजी आमच्या गावात. हाक मारली तर पळाले. सगळं ठीक ना, अक्का?" आणि जोडलेले दोन हात.

आईने फोटो बोटांनी मोठा केला. मग आणखी मोठा. मग फोन पालथा ठेवला, वर चढून मिठाची बरणी काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि ती होती तिथेच परत ठेवली.

चौदाव्या दिवशी, रविवारी सकाळी, निकाल होता. महांतेशमामा साक्षीदार म्हणून पहिल्या एसटीने आला. लिंबाजी उंबऱ्याशी. आई चुलीजवळ, भिंतीकडे तोंड करून. अप्पा पाटावर, तोंड मिटून. महेश्वरीने पट्टी काढली, वाट्यांवरचे कागद सोडले आणि चिमट्याने पहिली चकती उचलली. पाणी, ए-दोन. चहा, ए-तीन. मग तिसऱ्या वाटीत चिमटा घातला.

चकती जांभळाच्या बीसारखी काळी निघाली!

"बगा!" अप्पा पाटावरून उठलेच. "बगा, माउथवॉश काय काय करतंय ते!"

"सत्यानास करतंय!" लिंबाजी लगेच म्हणाला.

"अगं बाई, असं असतंय व्हय ते?" आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. दोन आठवड्यांत माणसांना उद्देशून तिचं हे पहिलं वाक्य होतं, पण त्यात आश्चर्य फारच थोडं होतं.

महेश्वरीने चकती पट्टीशी लावली. ए-चारच्या पुढे पट्टीच संपत होती. "अप्पा, हा रंग दाताचा नाही. ही शाई आहे." तिने वाटी चहाच्या गाळणीत उपडी केली. गाळणीत एक गंजका खिळा वाजला.

सगळे लिंबाजीकडे बघू लागले.

"मीच टाकला," तो म्हणाला. "पोत्यावर नंबर घालायची शाई आमी पहिल्यांदा अशीच करायचो. हिरडा आन् गंजका खिळा. म्हनलं चहात बी चालंल. मालकाच्या घरचं मीठ खाल्लंय, ताई!" मग त्याला आठवलं की या घरात महिनाभर मीठच नाही, आणि त्याने जीभ चावली.

गाळणीत खिळ्याखाली तांबडे खडे होते. महेश्वरीने एक बोटात चुरडला. कात.

"कात कुणी टाकला?"

आईने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग भिंतीलाच म्हणाली, "मी."

"तू? तूच तर म्हणत होतीस की अप्पा..."

"म्हनत व्हते. पर तू म्हनलीस, अर्धी पायरी कमी पडायलीय." तिने पदराने हात पुसले. "सगळ्या गावापुढं दोषी ठरायपरीस औषध दोषी ठरू दे म्हनलं. घरात काय ते मला ठावं हायच."

अप्पा हळूच पाटावर बसले. आईने त्यांच्यासाठी खोटं केलं होतं, आणि ते अशासाठीच की तिला ते खोटारडे वाटत होते. यावर आनंद मानावा की रडावं, हे त्या माणसाला कळत नव्हतं.

"अजून काहीतरी आहे," महेश्वरी म्हणाली. गाळणीच्या तळाशी, कातासोबत, पानांचा बारीक चुरा होता. चहापत्तीपेक्षा लांब. वास घ्यायची गरज नव्हती.

महांतेशमामाने घसा साफ केला. "दाजी, आता तुमीच सांगा."

"वाटीसाठीच आणली," अप्पा खाली बघत म्हणाले. "इथं कुठं घेणार? मानवतात प्रत्येक टपरीवाल्याला माजी शपथ पाठ हाय. मला काय ठावं, हे दोघं बी तेच करायलेत!"

"वाटीसाठी? एसटी बदलून?" मामा हसला. हसणं कुणाला आवडलं नाही.

आता महेश्वरीने पिशवीतून दवाखान्यातली बाटली काढली. झाकणावर तिने स्वतः लावलेली चिकटपट्टी शाबूत होती. तीन चकत्या बाहेर आल्या, पुसल्या गेल्या, पट्टीशी लागल्या. 

"ए-साडेतीन. ए-साडेतीन. ए-साडेतीन."

मग तिने अप्पांना उजेडात बसवून ओठ वर करायला लावला आणि पट्टी दाताशी धरली. आकडा तोच. नुसतं माउथवॉश आणि चहा. खिळा नाही, कात नाही, तंबाखू नाही.

"म्हंजे," आई पहिल्यांदाच वळली, "हेंनी तवा खाल्ली नव्हती?"

"नव्हती, आई."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांचं न बोललेलं सगळं तिच्या तोंडावर येऊन थांबलं. शेवटी निघालं ते असं, "बत्तीस वर्षांत कधी सोनपेठहून एक गजरा आणला न्हाई तुमी. आन् आणायला गेलात ते काय, तर तंबाखू!"

अप्पा ओशाळून हसले. तपकिरी कोपरा चमकला, आणि या खेपेला तो कुणालाच खुपला नाही. त्यांनी बंडीच्या खिशातून पुडी काढून पाटावर ठेवली. "ही घ्या उरलेली. फेकून द्या गटारात."

"आणा, मी टाकतो!" लिंबाजी फारच उत्साहाने पुढे आला.

"थांबा, मामा," महेश्वरी म्हणाली. "आधी नोंद करू द्या."

"आता कसली नोंद, माय?" अप्पांचं हसू थोडं आत गेलं. "सुटलो की मी."

पण सवय ती सवय! तिने पुडीतली तंबाखू कागदावर ओतून तोलली, आकडा बघितला आणि वहीत लिहिला.  दुपारी आईने पुरण घातलं. पुरणाला मीठ लागत नाही, म्हणून ते पहिल्यांदा चवीला लागलं. मामाने चार पोळ्या खाल्ल्या. अप्पांनी एक झाकण माउथवॉश डाव्या गालात धरलं आणि दुकानाची किल्ली घेतली. तपासणीला आठ दिवस राहिले होते.

पुढचे तीन दिवस महेश्वरी एकटीच काम करत होती. गाळणीतला तंबाखूचा चुरा निवडून तिने गच्चीवर वाळवला. भिजलेली तंबाखू वाळल्यावर हलकी होते, म्हणून पुडीतलीच एक ग्रॅम तंबाखू दवाखान्यात दोन दिवस तशाच मिश्रणात भिजवून वाळवली आणि किती घट येते ते पाहिलं. पुड्या मुळातच कमी भरत असतील, अशी एक आशा होती. त्यासाठी लिंबाजीकडून त्याच छापाची बंद पुडी मागून घेतली आणि तिच्यातली तंबाखू कागदावर ओतून तीनदा तोलली. पुडी कमी भरत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी आई चुलीपुढे बसून कुणालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने अप्पांशी भांडत होती, आणि अप्पा उत्तरं देत होते. महेश्वरीने फळीवरून वही काढली आणि शेवटच्या पानावर लिहिलं :

बंद पुडीतली तंबाखू : १०.० ग्रॅम.
अप्पांच्या पुडीत उरलेली : ५.१ ग्रॅम.
वाटीतली, वाळवून : ०.९ ग्रॅम. (१ ग्रॅम भिजवून वाळवल्यावर ०.६ उरते.) म्हणजे वाटीत टाकलेली : १.५ ग्रॅम.
फरक : ३.४ ग्रॅम. वाटीत नाही, पुडीत नाही.